चालतं की चालवून घेतलं?

आधीच सांगून ठेवतो, मी आठवीत शाळा सोडली. पण मोटार रिवाइंडिंगमध्ये, म्हणजे पंप-पंख्यांच्या मोटारींची तार नव्यानं गुंडाळण्यात, आमच्या रस्त्यावर माझ्या तोडीचा दुसरा नाही. जळालेली मोटार नुसती हुंगून सांगतो, आत पाणी गेलं होतं की लोड जास्त झाला होता. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढच्या भानगडीत माझा हात आहे, आणि तो हात कसला आहे हे माहीत असलेलं बरं.

सांगायचंय ते माझ्या धाकट्या बहिणीबद्दल. तिला घरात सगळे चाळणी म्हणतात. नाव आईनं ठेवलं. ही सात वर्षांची असताना आई आम्हाला बूट घ्यायला घेऊन गेली होती. हिनं नवे बूट घालून दुकानातल्या दुकानात एकोणीस फेऱ्या मारल्या, दोनदा जिना चढली-उतरली आणि मालकाला म्हणाली, "डावा चावतो."

मालक म्हणाला, "दोन दिवसांत सैल पडेल, बाळ."

"मग दोन दिवसांनी घेते."

मी तोपर्यंत माझे बूट घालून रस्त्यावर पोचलोसुद्धा होतो. माझे बूट कसे होते म्हणाल, तर चावायचे. पण मी कधी तोंडातून ब्र काढला नाही. आमच्या दोघांत हा फरक पहिल्यापासून आहे.

ही शिकली, पदवी घेतली. फी भरायला मी होतोच, ते असो. पदवीनंतर ती एका मासिकात लागली. छोट्या दुकानदारांचं मासिक. गिरण्यांचे पट्टे कुठे मिळतात, काउंटरची उंची किती ठेवावी, असलं काय काय त्यात असतं. आठ वर्षं ती तिथं एका खांबाआड बसून दुकानदारांच्या फोन नंबरांच्या याद्या टाइप करायची आणि प्रुफं वाचायची. आठ वर्षांत एकही नंबर चुकला नाही. हे मी सांगतोय म्हणून नाही, तिथल्या शिपायाला विचारा.

त्या मासिकात पाच नंबरचं पान सॉफ्टवेअरचं होतं. दुकानात कम्प्युटरवर नाहीतर फोनवर काय वापरावं, त्याबद्दल. त्यावर कंपन्यांकडून आलेला मजकूर जसाच्या तसा छापायचे. सगळं एका बोटावर, सगळं क्षणात, सगळं सोपं. एके दिवशी प्रूफ वाचताना हिनं संपादकांना विचारलं, "सर, हे कुणी वापरून बघितलंय का?"

संपादक म्हणाले, "तू बघ."

ते चिडून म्हणाले होते. हिनं ते काम दिलं असं धरलं. पुढच्या महिन्यापासून ते पान हिच्याकडे आलं, ते सहा वर्षं. त्या पानाच्या खाली बारीक अक्षरात तिचं नाव यायचं. घरात ती कधी 'माझं पान' म्हणाली नाही, 'पाच नंबर' म्हणायची. पण ते पान गेलं तर हिच्या हातात पुन्हा त्या याद्याच येणार, आणि तसं झालं तर ही आतून खचणार, हे आम्हाला सगळ्यांना न सांगता कळत होतं.

ती राहते आमच्याकडेच, वरच्या खोलीत. मावशीनं एकदा स्थळ आणलं होतं, चांगलं होतं. ही म्हणाली, "एकवीस दिवस वापरून बघायला मिळेल का?" मावशी दोन वर्षं आमच्याकडे फिरकली नाही.

एकवीस दिवस हा तिचा नियम. कुठलंही सॉफ्टवेअर एकवीस कामाचे दिवस वापरल्याशिवाय त्यावर एक ओळ लिहायची नाही. पहिले तीन दिवस सगळंच आवडतं म्हणते, दहाव्या दिवशी सगळ्याचाच राग येतो, खरं काय ते विसाव्याच्या पुढे कळतं. वरच्या खोलीत टेबलावर एक जुना लॅपटॉप, एक काच तडकलेला फोन आणि एक बरा फोन. जुना लॅपटॉप मुद्दाम ठेवलेला. "नव्या मशीनवर सगळंच पळतं, दादा. दुकानदाराकडे काय असतं ते बघायचं." कंपनीनं पाठवलेलं काही घ्यायची नाही. गिऱ्हाईक जसं घेतं तसं घ्यायची, आपण मासिकवाले आहोत हे न सांगता. एकदा एका कंपनीनं घरी छत्री पाठवली, वर त्यांचं चित्र. हिनं ती परत पाठवली. आमची ही म्हणाली, "वन्सं, छत्रीत काय पाप आहे?" तर म्हणे, "पाप नाही वहिनी, पण त्या छत्रीखाली उभं राहून त्यांना वाईट कसं म्हणू?"

आणि काय काय करायची सांगतो. जन्मतारीख उद्याची टाकायची, बघू घेतं का. गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी फोन नंबर भरायचा. मदतीच्या नंबरवर फोन लावून कोण किती वेळानं उचलतं ते घड्याळ लावून बघायची. आमच्या हिच्या हातात कणीक माखलेली असताना फोन द्यायची आणि म्हणायची, आता बटण दाबून दाखव. आणि शेवटी सगळ्या नोंदी बाहेर काढून ते सॉफ्टवेअर सोडून जायचा प्रयत्न करायची. म्हणायची, "आत घेताना सगळेच हसून घेतात. बाहेर पडायचं दार सापडतं का ते बघायचं." तिच्या वहीत प्रत्येक पानावर तीन रकाने. काय केलं, किती वेळा केलं, काय झालं. आणि छापून येताना खाली एक चौकट असायची, त्यात 'हे मी तपासलेलं नाही' म्हणून लिहायची. संपादक त्या चौकटीवर नाराज असायचे. तपासलं नाही ते कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. पण वाचणारे आधी चौकटच वाचायचे. मला स्वतःला तीन दुकानदार तसं म्हणालेत.

तर तिच्याकडे एक सॉफ्टवेअर आलं. दुरुस्तीच्या दुकानांसाठी. कुणाची वस्तू कधी आली, काय बिघाड, कधी द्यायची, ते सगळं लॅपटॉपवर भरायचं, की तयार झाल्यावर गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जातो. तिनं आठवडाभर घरी वापरलं आणि एका सकाळी मला म्हणाली, "दादा, हे खऱ्या दुकानात लावायला पाहिजे."

मी म्हटलं, "मग शोधतेस कशाला? खरं दुकान तुझ्यापुढे उभं आहे."

ती थोडी थांबली. मला तेव्हा ते दिसलं होतं, पण मी म्हटलं असेल काही. मग म्हणाली, "ठीक आहे. पण खरं सांगायचं."

"मी कधी खोटं बोललोय?"

माझं वर्कशॉप म्हणजे पुढे शटर, आत लांबट खोली, डाव्या हाताला तारेची रिळं, उजवीकडे टेस्टिंग बोर्ड, मागे वॉर्निश वाळवायची भट्टी. लॅपटॉप ठेवला बोर्डाच्या बाजूच्या फळीवर. एकवीस दिवस मी प्रत्येक मोटार त्यात भरली. पंप, पंखे, मिक्सर, एका बेकरीचं कणीक मळायचं यंत्रसुद्धा. ही रोज साडेपाचला ऑफिसातून घरी जाताना दारात यायची. आत यायची नाही, वॉर्निशचा वास तिला चालत नाही. दारातूनच विचारायची, "आज कसं?"

मी हातातलं काम न सोडता म्हणायचो, "चालतं."

ती वहीत लिहायची आणि जायची.

एकवीस दिवस झाले. पान छापून आलं. तिनं चांगलं लिहिलं होतं, खोड्या पण काढल्या होत्या, अक्षर बारीक आहे, निरोप कधी कधी दोनदा जातो वगैरे. आणि एक ओळ होती. 'वीज आणि इंटरनेट गेलं तरी भरलेली नोंद टिकते. एका चालत्या वर्कशॉपमध्ये एकवीस दिवस वापरून पाहिलं.' ते चालतं वर्कशॉप म्हणजे मी. मी त्या अंकाच्या बारा प्रती घेतल्या आणि आमच्या रस्त्यावर वाटल्या. सायकलवाला, लोहार, कुलूपवाला, सगळ्यांना. ओळीखाली पेनानं रेघ मारून दिली.

दोन महिन्यांनी मासिकाच्या ऑफिसात एक बाई आल्या. त्यांचं कानाच्या मशीनच्या दुरुस्तीचं दुकान. ऐकू कमी येणारे लोक कानामागे लावतात ती मशीनं. त्यांच्या हातात पाच नंबरचं पान होतं, घडी घातलेलं.

बहिणीनं घरी आल्यावर सांगितलं तसंच सांगतो. बाई म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"तुमचं वाचून मी हे घेतलं. मागच्या गुरुवारी आमची लाईट पाऊण तास गेली. त्या वेळात मी लॅपटॉपच्या बॅटरीवर सात मशीनं नोंदवली. समोर सातही दिसत होती, पुढे हिरवी खूण. लाईट आली, परत उघडलं तर एकही नाही."

"मग?"

"मग काय. सात मशीनं, सगळी एकाच रंगाची. आठवून आठवून दिली. दोन आजोबांची अदलाबदल झाली. त्यातल्या एकांना बायकोचं बोलणं इतक्या वर्षांनी स्वच्छ ऐकू आलं, ते भांडायला आले."

खांबापलीकडचा शिपाई हसला म्हणे. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला हसायला येईल. दुसऱ्या आजोबांच्या कानात आवाज इतका मोठा लागला की ते जिन्यात घाबरून बसले. त्यांच्या सुनेनं मला फोनवर जे सुनावलं ते मी इथं सांगत नाही. मी तुमच्या पानावर विश्वास ठेवला, बाई."

बहीण त्यांच्याबरोबर त्यांच्या दुकानात गेली. तिथं बसून स्वतः वीज बंद करून बघितली. दोन मिनिटं बंद ठेवली तर नोंद टिकली. दहा मिनिटं ठेवली तर गेली. तीनदा केलं, तीनदा गेली. तिच्या वहीतल्या घरच्या चाचणीत तिनं इंटरनेटची वायर काढली होती ती फक्त दोन मिनिटं. जास्त वेळासाठी तिनं भरवसा ठेवला होता वर्कशॉपवर. म्हणजे माझ्यावर.

तिथून ती सरळ माझ्याकडे आली. त्या दिवशी दारात थांबली नाही. आत येऊन स्टुलावर बसली.

"दादा, त्या एकवीस दिवसांत तुझ्याकडे लाईट किती वेळा गेली?"

मी म्हटलं, "सहा वेळा. टेस्टिंग बोर्डाला मोठी मोटार लावली की फटकन स्विच पडतो. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास."

"तेव्हा भरलेल्या नोंदींचं काय व्हायचं?"

"उडून जायच्या."

"उडून जायच्या?"

"अगं पण एकही जाऊ दिली नाही मी!" मी म्हटलं. मला खरंच त्याचा अभिमान होता, आजही आहे. "प्रत्येक मोटारीला मी पत्र्याचा बिल्ला बांधतो. त्यावर सगळं खरडलेलं असतं. लाईट आली की बिल्ले बघून परत भरायचो, आणि परत भरलेल्या बिल्ल्यावर तारीख टाकून फुली मारायचो. एकदा तर अकरा मोटारी होत्या, बिल्ले न बघता नुसत्या आठवणीवर भरल्या. एक चूक नाही."

"आणि मला काय सांगायचास?"

"काय?"

"मी रोज विचारत होते. तू म्हणायचास चालतं."

"चालतच होतं की! मी चालवून घेत होतो."

बोललो आणि मग माझं मलाच ते ऐकू आलं. ती वही उघडून पानं उलटत होती. मला दिसत होतं, एकवीस पानांवर तिसऱ्या रकान्यात एकच शब्द. आणि मधल्या रकान्यात, किती वेळा, तिथं काही नाही. बाकी सगळ्यांना ती खोदून खोदून विचारते. मला विचारलं नव्हतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तू चालतं म्हणालास ते मी 'बिघडत नाही' असं धरलं. तुझ्या तोंडी त्याचा अर्थ 'माझं अडत नाही' असा होता. मला कळायला पाहिजे होतं. मी तुला छत्तीस वर्षं ओळखते."

मी म्हटलं, "आता काय करणार?"

"लिहिणार."

संपादकांना तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, पुढच्या अंकात तळाला दोन ओळी टाकू, अमुक ओळीत सुधारणा. ही म्हणाली दोन ओळींत होणार नाही. चूक काय झाली आणि कशी झाली दोन्ही लिहायला पाहिजे, नाहीतर बाकीच्या एकाहत्तर चाचण्यांवर लोकांनी का विश्वास ठेवायचा. शिवाय ते वर्कशॉप सख्ख्या भावाचं होतं हे आपण छापलं नव्हतं, ते पण छापायला पाहिजे.

संपादक खुर्चीतून उठले म्हणे. "भावाचं? तू भावाकडे चाचणी घेतलीस? आणि ते आपण आपल्या हातानं छापायचं? कंपनी म्हणेल यांच्या घरातला धंदा आहे. मग पाच नंबर राहील असं वाटतं तुला?"

"नाही राहिलं तर नाही राहिलं, सर."

"मी धमकी देत नाहीये. मी सांगतोय."

"मीही सांगतेय."

हे तिनं जेवताना सांगितलं. आमच्या हिचा घास तोंडाशी थांबला. सहा वर्षांचं पान. आणि दुसरं असं, मी खोटं कशाला बोलू, मला त्या बारा प्रती दिसत होत्या. सायकलवाला, लोहार, कुलूपवाला. पुढच्या अंकात त्यांना कळणार की रस्त्यातल्या सगळ्यात हुशार कारागिरानं बहिणीला खड्ड्यात घातलं.

रविवारी तिनं कच्चा मजकूर मला वाचून दाखवला. म्हणाली, तुझ्याबद्दल आहे, तुला आधी ऐकायचा हक्क आहे. मी ऐकत होतो. शांतपणे ऐकत होतो. मग एक वाक्य आलं. 'वर्कशॉपच्या मालकांनी सॉफ्टवेअरचे दोष झाकले.'

मी उठलो. "झाकले?"

"मग?"

"झाकले म्हणजे काय? मी काय कंपनीचा माणूस आहे? मला छत्री मिळाली का?"

"दादा, ओरडू नकोस. नोंदी गेल्या, तू परत भरल्यास, मला सांगितलं नाहीस. याला काय म्हणायचं?"

"सांभाळलं म्हणायचं! मोटारीचा आवाज जरा वेगळा आला तर मी काय दुकान बंद करून बोंब मारतो? पाना फिरवतो, चालू करतो. हत्यार वाईट निघालं तर मी गिऱ्हाइकाला सांगत बसत नाही, की हत्यार वाईट आहे. तेच तर काम आहे माझं. तीस वर्षं तेच केलं. तुझी फी त्यातून गेली."

"फी मधे आणू नकोस."

"तू 'झाकले' मधे आणू नकोस!"

आमची ही दारात येऊन म्हणाली, "हळू बोला, खाली दूधवाला उभा आहे, त्याला वाटेल त्याच्याबद्दलच चाललंय."

बहीण पेनाचं टोपण दातात धरून बसली, लहानपणी धरायची तशी. मग म्हणाली, "झाकणारा माणूस, दोष आहे हे त्याला माहीत असतं आणि तो दुसऱ्याला दिसू नये म्हणून करतो. तुला तो दोष वाटलाच नव्हता."

"मला ते रोजचं काम वाटलं."

"मग 'झाकले' चुकीचं आहे." तिनं शब्द खोडला आणि 'सांभाळून घेतले' लिहिलं. परत वाचलं. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण दादा, हे जास्त वाईट आहे. झाकलं असतंस तर एक माणूस चुकला असं झालं असतं. आता असं झालंय, की जितका कारागीर चांगला तितकं वाईट सॉफ्टवेअर चांगलं दिसणार. माझी सगळी पद्धतच त्यात चुकते."

ते तिनं जसंच्या तसं मजकुरात घातलं. मला वाटतं त्या पानातलं सगळ्यात चांगलं वाक्य ते आहे, आणि ते माझ्यामुळे आलं.

संपादकांकडे मी स्वतः गेलो. तिनं बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातला, पण नखांतलं वॉर्निश जात नाही. मी म्हटलं, "साहेब, तो भाऊ मी."

ते म्हणाले, "बसा. तुमचं काय म्हणणं आहे? छापू नये?"

मी म्हटलं, "छापा. माझ्या दुकानाचं नाव घाला, रस्त्याचं नाव घाला. घरातला धंदा आहे असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी बिल्ले दाखवतो, तारखा दाखवतो, कुठल्या दिवशी किती नोंदी गेल्या ते दाखवतो. त्या एकवीस दिवसांचे सगळे बिल्ले ठेवलेत मी. मी काही टाकत नाही."

"बिल्ले आहेत तुमच्याकडे?"

"एकशे चौसष्ट."

संपादकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुमच्या बहिणीनं हे मला सांगितलं नाही."

"बिल्ले ठेवलेत का, ते तिनं मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आमच्या घरात हाच घोळ आहे."

मजकूर पूर्ण छापून आला, पाच नंबरवर. भावाचं वर्कशॉप, दोन मिनिटांची अपुरी चाचणी, रिकामा रकाना, कानाच्या मशीनवाल्या बाई, सगळं. बिल्ल्यांवरून काढलेला तक्ता पण होता. सहा वेळा वीज गेली, एकतीस नोंदी उडाल्या.

कंपनीचं पत्र आलं. वापरणाऱ्याची चूक आहे, मजकूर मागे घ्या, नाहीतर आमची जाहिरात बंद. संपादकांनी तक्ता पाठवला. जाहिरात बंद झाली. त्यानंतर दीड महिन्यानं कंपनीनं सॉफ्टवेअर दुरुस्त केलं, कुणालाही न सांगता. बहिणीनं परत तपासलं, एक तास वीज बंद ठेवून, नोंदी टिकल्या. तेही तिनं छापलं. मी म्हटलं, त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, तू कशाला चांगलं लिहितेस. ती म्हणाली, आता खरंच टिकतात ना.

पान गेलं नाही. पण पाच नंबर राहिलं नाही. ते आता मागे एकतिसाव्या पानावर आहे, शब्दकोड्याशेजारी, आणि अर्धंच आहे. वरच्या अर्ध्यात घड्याळांची जाहिरात असते. संपादक म्हणाले, जाहिरात गेल्यावर मला मासिकाच्या मालकांना काहीतरी करून दाखवायला पाहिजे होतं. बहीण पहिल्या दिवशी तो अंक घेऊन वर गेली आणि जेवायला खाली आली नाही. दुसऱ्या दिवशी चौकट लहान अक्षरात कशी बसेल ते मोजपट्टी घेऊन बघत होती. याद्या मात्र परत तिच्याकडे आल्या नाहीत.

रस्त्यावर कोण काय म्हणालं? कुलूपवाला हसला. एकदाच. सायकलवाला म्हणाला, "मी पण तसंच करतो रे, माझ्या पंपाचं." लोहारानं आधीचंच वाचलं नव्हतं, मी दिलेल्या प्रतीत त्यानं खिळे बांधले होते.

आता एक गोष्ट अशी, की तिनं माझ्याकडे चाचण्या घेणं बंद केलं. मला बोलावून नीट सांगितलं. "दादा, तुझं दुकान आता नाही. एक तर तू भाऊ आहेस. पण ते लिहून टाकता येईल. खरं कारण वेगळं आहे. तू फार चांगला आहेस. तुझ्या हातात काहीही दिलं तरी तू ते चालवून घेणार."

मी हे रस्त्यावर सगळ्यांना सांगितलं. अजून सांगतो.

आता ती चाचण्या घेते त्या तीन दुकानांत, ज्यांचा आमच्याशी काही संबंध नाही, आणि कानाच्या मशीनवाल्या बाईंकडे. बाईंनीच मागून घेतलं. म्हणाल्या, मला काही सांभाळून घेता येत नाही, माझ्याकडे घ्या. ती रोज साडेपाचला जाते. दारात थांबत नाही, आत बसते. कसं चाललंय असं विचारत नाही. आज काय काय परत करायला लागलं, असं विचारते. मोजते.

परवा ती ऑफिसला रजा टाकून सकाळपासूनच बाईंकडे बसली होती. मी दुपारी तिचा डबा द्यायला तिथं गेलो होतो, सकाळी विसरून गेली होती. बाई एका नव्या सॉफ्टवेअरवर नोंद भरत होत्या. बटण दाबलं, काही झालं नाही. परत दाबलं. नाही. मला मागून दिसत होतं, स्क्रीनवर वरची एक छोटी खिडकी उघडी राहिली होती, ती मिटवली की झालं. मी पुढे झालो.

बहीण घड्याळावरची नजर न काढता म्हणाली, "दादा, हात मागे."

"अगं नुसतं ते वरचं..."

"हात मागे."

मी डबा काउंटरवर ठेवला आणि हात मागे बांधून उभा राहिलो. बाईंनी आणखी चारदा दाबलं, सगळं बंद करून परत उघडलं, चष्मा पुसला, स्वतःशी काहीतरी पुटपुटल्या. एक गिऱ्हाईक येऊन बाकावर बसलं. मला घाम आला. बाईंना ते सापडायला अकरा मिनिटं लागली. बहिणीनं वहीत अकरा लिहिलं, आणि मग डबा उघडला.